खेळाडू बाईचा पगार



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनसवर नाहीतर कंत्राटी कामगारांवर बोलणार, असे गृहीत धरून आपण आला असाल. मी आज हँडबॉल या खेळाविषयी बोलणार आहे, आणि त्यातही हा खेळ खेळून पोट भरणाऱ्या बायकांविषयी. चालकांना विषय कळविला तेव्हा त्यांना ती थट्टाच वाटली. थट्टा नव्हे. आमच्या युनियनमधील एका फिटरची मुलगी शाळेच्या संघात गोल सांभाळते. तो मला एकदा म्हणाला, "भाऊ, पोट्टी संध्याकाळभर चेंडूच्या मागं असते. याच्यात पुढं काय हाये?"

प्रश्न बापाचा आहे आणि रास्त आहे. मुलगा एमआयडीसीत कामाला लागतो तेव्हा आपण विचारतोच की पगार किती, कायम केव्हा करणार, आणि हात मशीनमध्ये गेला तर बघणार कोण? मुलीच्या खेळाबाबत हेच विचारले की लोकांना वाटते, खेळाचा अपमान झाला. मला तसे वाटत नाही. ज्यात सकाळ-संध्याकाळ घाम गाळावा लागतो, शरीर झिजते, आणि जे दाखवून तिकिटावर व जाहिरातीवर कोणीतरी पैसा मिळवितो, ते काम होय. काम म्हटले की त्याचा मोबदला आणि त्याच्या अटी आल्याच.

आधी खेळ सांगतो, कारण येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी तो पाहिलेला नसेल. मैदान 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद, बहुधा छपराखाली. दोन्ही टोकांना गोल, 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच. गोलपुढे 6 मीटरवर कमानीसारखी रेषा असते. तिच्या आत गोलरक्षकाशिवाय कोणी पाय टेकवावयाचा नाही. म्हणून फेकणारी मुलगी रेषेबाहेरून उडी घेते आणि हवेत असतानाच चेंडू सोडते. एका बाजूला 7 खेळाडू, म्हणजे आपल्या कबड्डीइतकेच. चेंडू हातात धरून तीन पावले चालता येते, तीन सेकंद थांबता येते. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. बायकांचा चेंडू परिघाने 54 ते 56 सेंटिमीटर आणि वजनाने 325 ते 375 ग्रॅम असतो. कसलेली खेळाडू तो महामार्गावरील एस.टी.च्या वेगाहून जोरात फेकते, आणि गोलरक्षक मुलगी हातात मोजे न घालता, छातीवर पॅड न बांधता, हातपाय पसरून त्याच्या आड येते. हँडबॉल पाहताना मला तरी सर्वांत धाडसाचे काम हेच वाटते.

या खेळाच्या जन्माची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. डेन्मार्कच्या होल्गर नील्सेन नावाच्या शिक्षकाने 1906 साली हँडबॉलचे नियम छापले, हे खरे. पण जर्मनीत ज्याला खेळाचा जन्मदिवस म्हणतात तो 29 ऑक्टोबर 1917 हा दिवस. पहिले महायुद्ध चालू होते. त्या दिवशी बर्लिनमध्ये माक्स हाइझर या व्यायामशिक्षकाने नियम घालून दिले ते बायकांसाठी. अंगाला अंग न लावता खेळावयाचा, सौम्य असा तो खेळ होता. दोन वर्षांनी कार्ल शेलेंट्सने त्यात धक्काबुक्की आणि चपळाई आणली आणि पुरुषांनी तो उचलला. पुढे 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हँडबॉल आला तो फक्त पुरुषांचा. बायकांसाठी मांडलेला खेळ, पण ऑलिंपिकमध्ये बायकांना प्रवेश मिळाला 1976 साली, माँट्रियलला. मध्ये चाळीस वर्षे गेली.

त्याच 1936 च्या बर्लिनमध्ये आपल्या विदर्भातील माणसे होती, हे जाता जाता सांगतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे आपले देशी खेळ करून दाखविले; त्यात कबड्डी होती. म्हणजे हँडबॉल आणि कबड्डी एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात जगापुढे आले. त्यानंतर दोघांच्या वाटा कशा फुटल्या ते पुढे येईलच.

आता धंद्याकडे वळतो. नॉर्वे, डेन्मार्क, फ्रान्स, हंगेरी, रुमानिया, जर्मनी या देशांत बायकांचे हँडबॉल क्लब पगार देऊन खेळाडू ठेवतात. करार बहुधा दोन-तीन हंगामांचा असतो. सराव, सामना, प्रवास, पुन्हा सराव, असा आठवडा जातो. बहुतेकींचे खेळणे तिशीच्या आसपास संपते. आपल्याकडे माणूस ज्या वयात कायम होतो, त्या वयात ही बाई निवृत्त होते.

या कामात माणूस किती दूर जाऊ शकतो ते पाहावयाचे तर नॉर्वेच्या कात्रिना लुंडेकडे पाहावे. जन्म 1980 चा, क्रिस्तियानसांड गावचा. काम गोलरक्षकाचे. तिची जुळी बहीण क्रिस्तिना हीही देशाकडून खेळली. लुंडेने 2008 व 2012 या दोन्ही ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविले, रिओ व टोकियोला कांस्यपदक घेतले, आणि 2024 साली पॅरिसला पुन्हा सुवर्णपदक घेतले. अंतिम सामन्यात नॉर्वेने फ्रान्सला 29-21 असे हरविले. तेव्हा तिचे वय 44 होते आणि घरी मूल होते. पोटासाठी तिने किती घरे बदलली ते मात्र पदकांच्या यादीत दिसत नाही. नॉर्वेतून डेन्मार्कला गेली. तेथील विबोर्ग क्लबाकडून युरोपची चॅम्पियन्स लीग दोनदा जिंकली. मग हंगेरीच्या ज्यॉर क्लबाकडे गेली, तेथेही दोनदा जिंकली. मग आपल्या गावी, व्हायपर्स क्रिस्तियानसांडकडे परत आली आणि 2021, 2022 व 2023 अशी लागोपाठ तीन वर्षे तोच चषक घेतला. एकूण सात. आपल्या गावात, आपल्या भाषेत, जगातील सर्वांत चांगल्या संघात काम मिळावे, याहून कामगाराला आणखी काय हवे?

तो व्हायपर्स क्लब जानेवारी 2025 मध्ये दिवाळखोरीत गेला. ऐन हंगामात. सामने संपले, पगार संपले, ज्यांच्या पाठीवर तीन चषक होते त्या बाया नवीन मालक शोधू लागल्या. लुंडे सर्बियातील एका क्लबाकडे गेली. जर्मनीतील लुडविग्सबुर्गचा क्लब त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात असाच बुडाला. तो तर देशाचा चालू विजेता होता, आणि वर्षभरापूर्वी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. नागपूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. 1877 साली सुरू झालेली आपली एम्प्रेस मिल 2002 साली कायमची बंद पडली तेव्हा तिच्या कापडाला नावे ठेवणारा कोणी नव्हता. माल उत्तम असला म्हणजे नोकरी टिकते, ही मालकाने कामगाराला सांगितलेली गोष्ट आहे. क्लबही तीच सांगतात. जिंकत राहा, म्हणजे सर्व ठीक होईल. जिंकल्यावरही जमाखर्च जुळला पाहिजे, आणि तो जुळविणे चेंडू फेकणारीच्या हाती नसते.

दुसरी गोष्ट दुखापतीची. उडी घेऊन एका पायावर उतरताना किंवा धावताना झटकन वळताना गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटतो. शस्त्रक्रिया होते आणि पुष्कळ महिने, कधी वर्षही, मैदानाबाहेर जाते. बायकांच्या हँडबॉलमध्ये ही इजा पुरुषांच्या मानाने कितीतरी अधिक होते. नॉर्वेच्या संशोधकांनी 1998 पासून तीन हंगाम तेथील वरच्या तीन विभागांतील महिला संघांची नोंद ठेवली. पहिल्या हंगामात काहीच न बदलता फक्त मोजले, तेव्हा असे 29 गुडघे गेले. मग सरावाच्या आधी पंधरा मिनिटांचा व्यायाम लावून दिला: एका पायावर तोल सांभाळणे, डुगडुगत्या फळीवर उभे राहणे, उडीवरून गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरणे. दुसऱ्या हंगामात 23 आणि तिसऱ्यात 17 इजा झाल्या. सर्वांचे आकडे एकत्र घेतले तर घट पक्की म्हणण्याइतकी नव्हती, हे संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिले. पण वरच्या विभागातील ज्या मुलींनी व्यायाम नेमाने पुरा केला त्यांच्यात फरक ठळक होता. ज्यांनी कंटाळा केला त्यांच्यात नव्हता.

मी हे वाचले तेव्हा मला प्रेस शॉपची आठवण झाली. बोट तुटले की पूर्वी म्हणत, नशीब. मग यंत्रावर जाळी बसली, दोन्ही हातांनी दाबावयाची बटणे आली, आणि नशिबाचा जोर ओसरला. खेळातील दुखापतीलाही अजून नशीबच म्हणतात. पंधरा मिनिटांचा व्यायाम आणि एक डुगडुगती फळी यांना खर्च तो किती? हिंगण्याच्या शाळेलाही तो परवडेल. तरीपण कोणाचे तरी काम म्हणून ते नेमून दिले पाहिजे, नाहीतर पहिल्याच घाईच्या दिवशी तो व्यायाम वगळला जातो. आणि इतके करूनही गुडघा गेलाच, तर त्या महिन्यांचा पगार कोणी द्यावयाचा? आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा, राज्य विमा योजनेचा 1948 चा. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकातच, जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिलमध्ये अपघाताच्या भरपाईची व्यवस्था केली होती. नागपूरला ही कल्पना नवी नाही.

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. ही नीट ऐकावी अशी माझ्या भगिनींना विनंती आहे. बंधूंनीही ऐकली तर बिघडणार नाही.

कारखान्यातील बाई गरोदर राहिली तर ती काही महिने तरी काम करू शकते. हँडबॉल खेळणारीला ते जमत नाही, कारण या खेळात समोरची अंगावर येते. म्हणजे तिचे काम दिवस गेल्याबरोबरच थांबते. त्यात तिचा करार दोन हंगामांचा. क्लबाने तिला काढलेच पाहिजे असे नाही. करार संपेपर्यंत वाट पाहावयाची आणि नवा करावयाचा नाही, एवढे पुरे. कंत्राटी कामगारांना हा डाव पाठ आहे. परिणाम असा होतो की मूल हवे असलेली बाई खेळ सोडते, आणि खेळ हवा असलेली मूल लांबणीवर टाकते. पंचविशी ते पस्तिशी हीच दोन्हींची वर्षे.

फ्रान्समधील खेळाडूंची संघटना या प्रश्नाला भिडली. फ्रान्स या खेळात दुबळा देश नव्हे. बायकांचे जगज्जेतेपद त्यांनी 2017 व 2023 साली मिळविले, टोकियोचे सुवर्णपदकही त्यांचेच. तेथे 2021 साली खेळाडूंची संघटना आणि क्लबांची संघटना यांच्यात व्यावसायिक महिला हँडबॉलपुरता सामुदायिक करार झाला. त्यातील मुख्य कलम असे की, खेळाडू गरोदर राहिली तर तिचा पगार एक वर्ष चालू राहील. आपल्याकडील 1961 च्या कायद्याची प्रसूती रजा 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे झाली, आणि ती तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. 26 आठवडे ही मोठी गोष्ट आहे आणि ती लढून मिळालेली आहे. परंतु उडी मारून खेळणाऱ्या बाईचा हिशेब 26 आठवड्यांत बसत नाही. आधीचे महिने आणि नंतर शरीर पुन्हा घडविण्याचे महिने धरले तर वर्ष लागतेच. त्या संघटनेने धंदा पाहून मागणी बेतली. मागणी तयार करणे ही कला आहे असे मी नेहमी म्हणतो. ती येथे दिसते.

आणि गरज होती म्हणूनच तो करार झाला. त्याच वर्षी फ्रान्समधील एका क्लबात खेळाडूंच्या वैद्यकीय तपासणीत त्यांना न सांगता गर्भाची चाचणी केली गेली, असा आरोप त्याच संघटनेने उघडपणे केला होता. एकटी मुलगी असती तर तिला कोणी दारातही उभे केले नसते. संघटनेच्या कागदावर आले म्हणून वर्तमानपत्रांनी छापले.

कपड्यांचा प्रश्नही असाच. वाळूवर खेळावयाच्या हँडबॉलमध्ये बायकांना आखूड बिकिनीची सक्ती होती, पुरुषांना चड्डी चाले. जुलै 2021 मध्ये बल्गेरियात युरोपियन स्पर्धेत नॉर्वेच्या मुली ठरवून चड्डी घालून उतरल्या. त्यांना मिळून 1,500 युरो दंड झाला. दंड भरावयास जगभरातून लोक पुढे आले, गवगवा झाला, आणि त्याच वर्षअखेर आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. सर्व जणी एकाच दिवशी, एकाच पोशाखात उतरल्या, म्हणून हे घडले. आमच्या भाषेत याला काय म्हणतात ते आपणांस ठाऊक आहे.

आता घरी येऊ. भारतीय हँडबॉल महासंघ 1972 सालचा. आपल्याकडे हा खेळ शाळा-महाविद्यालयांतून, पोलीस आणि रेल्वेतून खेळला जातो. जून 2023 मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि तिचे पहिलेच विजेतेपद 'महाराष्ट्र आयर्नमेन' या संघाने मिळविले. टाळ्या वाजवा, वाजविल्याच पाहिजेत. मात्र ती लीग पुरुषांची होती. म्हणून पगारी महिला खेळाडूची आपल्या मातीतली हकीकत शोधावयाची तर कबड्डीकडेच वळावे लागते.

महाराष्ट्राच्या मुलींनी कबड्डीत काय केले हे निराळे सांगावयास नको. सत्तरच्या दशकात पुण्याच्या शकुंतला खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मार्च 2012 मध्ये पाटण्याला बायकांचा पहिला विश्वचषक झाला. सोळा देश आले होते. भारताने अंतिम सामन्यात इराणला 25-19 असे हरविले, आणि त्या संघात आपल्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. चांगली गोष्ट झाली, तिला नावे ठेवणारा मी नव्हे.

पण बक्षीस आणि पगार यांत फरक आहे. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. तो खूष झाला तर देतो, यंदा देतो, पुढच्या वेळी देईलच असे नाही. पगार हा हक्क असतो. तो हरलेल्या महिन्यातही मिळतो. आजारी पडलात तरी त्याचा काही भाग मिळतो. त्याच्या आधारावर माणूस घरभाडे ठरवितो, धाकट्या भावाला कॉलेजात घालतो. त्या तिघींनी विश्वचषक जिंकला नसता, अंतिम सामना सहा गुणांनी हरल्या असत्या, तर सराव तेवढाच, घाम तेवढाच, आणि हाती काय आले असते? बाराव्या क्रमांकाच्या खेळाडूला, जिल्ह्याच्या संघातील मुलीला, काय मिळते? धंद्याची परीक्षा तळाच्या माणसावरून करावी, ही आमची सवय आहे.

पुरुषांच्या कबड्डीत 2014 साली प्रो कबड्डी आली आणि पगार आला. 2018 च्या लिलावात हरियाणाच्या मोनू गोयतला एका हंगामाचे 1 कोटी 51 लाख रुपये लागले. बायकांसाठी 2016 साली 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' नावाची तीन संघांची छोटी स्पर्धा त्याच मंडपात भरली. एका संघाची कर्णधार अभिलाषा म्हात्रे होती. आदल्या वर्षीचा अर्जुन पुरस्कार तिच्या नावावर होता. अंतिम सामना 24-23 असा एका गुणाने सुटला. याहून चुरशीचा खेळ काय असावयाचा? पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. प्रेक्षक बायकांचा खेळ पाहत नाहीत, असे कारण देणारे देतात. दुकान काही आठवडे उघडून बंद केले आणि मग म्हणावयाचे की गिऱ्हाईक येत नाही.

ज्ञानाला गिऱ्हाईक होते, पण परदेशात. नाशिकच्या शैलजा जैन यांनी आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकविली. इराणने त्यांना आपल्या महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून नेले. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी भारताला 27-24 असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्या दिवशी पुष्कळांनी त्यांना दोष दिला. मला त्यात दोष दिसत नाही. कसबी कारागिराला ज्याने कामावर घेतले त्याच्याकडे त्याने काम चोख केले. पुढे हांगझाऊला 2023 साली भारताने चिनी तैपेईला 26-25 असे हरवून ते पद परत आणले.

मग आपल्या फिटरला उत्तर काय द्यावयाचे? मी त्याला जे सांगितले तेच येथे सांगतो. आजमितीस या मुलींचा खरा मालक क्लब नसून सरकार आहे. राज्याच्या नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेत खेळाडूंची भरती होते, पोलिसांत होते. तेथे लागलेली मुलगी आधी नोकर असते आणि मग खेळाडू. स्पर्धेला जावयास तिला खास रजा मिळते, बाळंतपणाची रजा मिळते, गुडघा गेला तरी टेबलावरचे काम उरते. फ्रान्समधील बायांनी भांडून जे मिळविले त्यातले बरेचसे तिला सरकारी नोकरीच्या नियमांनीच मिळते. उणीव एवढीच की ते मोजक्या जणींना मिळते, आणि ते खेळाबद्दल नव्हे, कारकुनीबद्दल मिळते. तिच्या खेळाचा पगार अजून कोणी ठरविलेला नाही.

म्हणून प्रमाणपत्रे जपून ठेव, असे मी त्याला सांगितले. कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र नोकरीला चालते आणि कोणत्या संघटनेला मान्यता आहे, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन लेखी विचारून घे. एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना निघतात आणि मुलगी चार वर्षे भलत्याच तंबूत खेळत बसते. दहावी-बारावीचे वाढीव गुण मिळतात, त्याचा अर्ज वेळेवर कर. उद्या बायकांची लीग निघाली आणि कोणी कागद पुढे केला, तर सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहा: इजा झाली तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा आणि पगार किती महिने, दिवस गेले तर काय, संघ बुडाला तर थकबाकी कोण देणार, आणि करार कोणत्या भाषेत आहे. तो म्हणाला, "भाऊ, पोट्टी अजून नववीत आहे." मी म्हटले, लुंडेही कधी काळी नववीत होतीच.

त्याने दुसरा एक प्रश्न विचारला तो मला अधिक आवडला. शाळेच्या मैदानावर त्या मुलींची एक बाजू मुरमाची आहे, पडले की कोपर सोलते. ते सपाट करून द्यावयाला कोणाकडे अर्ज करावा, असे त्याचे म्हणणे होते. अर्ज आम्ही लिहिला आहे. त्यावर मुलींच्याच सह्या घेतल्या आहेत, अकरा जणींच्या.